प्रेमचंद रायचंद आणि जागचा न हललेला भाव

जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव आणि माझं आजोळ. रामनवमीला तिथे गेलो होतो. पंगत उठल्यावर मामेभावाने ओट्यावर गाठलं. लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेले कापसाचे पैसे त्याने एका नव्या कंपनीच्या शेअर्समध्ये घातले होते. बाजारात येऊन दोन आठवडे झाले तरी भाव विक्रीच्या किमतीपाशीच घुटमळत होता. दादा बँकेत होते, तेव्हा आपण फसलो की काय हे दादांनीच सांगावं, असा त्याचा आग्रह.

मला प्रेमचंद रायचंद आठवले. जन्म १८३१, सुरतेचा. मुंबईत आले, दलाली शिकले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा पहिला देशी दलाल ही त्यांची ख्याती. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजी गिरण्यांचा पैसा मुंबईत लोटला. रोज नवी कंपनी निघू लागली. कुणाला किती शेअर्स द्यायचे हे बरेचदा प्रेमचंदांच्या मर्जीवर ठरे. बॅक बे बुजवायला निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ज्यांना मूळ दराने मिळाला, त्यांचं उखळ पांढरं झालं. त्यातले ४०० शेअर्स मात्र लिलावात निघाले आणि सरासरी २६ हजारांहून अधिक भावाने गेले. मूळ दराने वाटले असते तर ओळखीपाळखीच्यांच्या खिशात गेली असती ती वरकड कंपनीला मिळाली.

भावाला मी हेच समजावलं. कंपनीने विकतानाच पुरेपूर किंमत लावली, तर घेणाऱ्यासाठी वरकड उरत नाही. भाव जागेवर राहतो. ही फसवणूक नव्हे. मात्र कधीकधी भाव धरून ठेवलेलाही असतो. काही विक्रींत 'ग्रीनशू'ची सोय असते. भाव घसरू लागला की नेमलेली संस्था बाजारातून शेअर्स उचलते, पण जास्तीत जास्त ३० दिवस. दोन्ही भाव दिसायला सारखेच.

प्रेमचंदांच्या काळात टेकू होता तो बँक ऑफ बॉम्बेच्या कर्जांचा. शेअर्स तारण ठेवून, पुष्कळदा त्यांच्या शब्दावर, बँकेने पैसा दिला. जन्मभर तारणं तपासलेल्या मला हे वाचताना अजून कसंसंच होतं. १८६५ मध्ये यादवी संपली, १ जुलैला वायद्यांचा हिशेब आला आणि सारं कोसळलं. पन्नास हजारांपर्यंत चढलेला बॅक बेचा शेअर दोन हजारांखाली आला. खुद्द बँकेचा २,८५० वरून ८७ वर. प्रेमचंदही बुडाले, पण मुंबई सोडून गेले नाहीत. पुन्हा धंद्याला लागले आणि १९०६ मध्ये वारले. तेजीत, १८६४ साली, विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.

भाऊ उठून आत गेला. कंपनीचं माहितीपत्रक घेऊन आला आणि त्यात ग्रीनशूचा उल्लेख शोधू लागला. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिसाव्या दिवसाभोवती त्याने पेनाने गोल केला.