समुद्राचा रंग शोधणारे रामन

तुम्ही समुद्र पाहिला आहे का? प्रत्यक्ष नसेल, तर चित्रात नक्कीच पाहिला असेल. समुद्र निळा दिसतो. पण त्याचे पाणी ओंजळीत घेतले, तर त्याला रंग नसतो. असे का? हा प्रश्न चंद्रशेखर व्यंकट रामन यांना पडला.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ साली ते एम. ए. झाले आणि कलकत्त्याला सरकारच्या हिशेब खात्यात मोठे अधिकारी झाले. पण त्यांचे मन प्रयोगांत रमे. कचेरीच्या आधी आणि नंतर ते एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत. १९१७ साली त्यांनी ही भरपूर पगाराची नोकरी सोडली आणि कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९२१ साली रामन इंग्लंडला गेले. बोटीतून त्यांनी भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहिली. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे समुद्र निळा दिसतो, असे त्या काळी मानत. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. त्यातून पाहताना पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवता येतो. तरीही समुद्र निळाच दिसला! म्हणजे निळाई पाण्यातूनच येत होती. पाण्याचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हेही तिचे एक कारण आहे. बोट मुंबई बंदरात येताच रामन यांनी आपले निरीक्षण 'नेचर' नियतकालिकाकडे पाठवले.

काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश पडला, की ते दुसऱ्या रंगाने चमकतात. याला अनुस्फुरण म्हणतात. १९२३ साली रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्याने विखुरलेल्या प्रकाशात वेगळ्या रंगाची अंधूक छटा दिसली. पाण्यात मिसळलेल्या एखाद्या पदार्थाचे हे अनुस्फुरण असेल, असे आधी वाटले. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केले. पण छटा गेली नाही. पुढे के. एस. कृष्णन यांच्यासह रामन यांनी अनेक द्रव तपासले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी खात्री पटली, की हे अनुस्फुरण नसून प्रकाशाचे नवे विकिरण आहे. त्याला 'रामन परिणाम' म्हणतात. त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आज शास्त्रज्ञ फ्ल्युओरोमीटर नावाचे उपकरण समुद्रात सोडतात. ते पाण्यावर प्रकाश टाकते. सूक्ष्म वनस्पतींतील हरितद्रव्य निळ्या प्रकाशात तांबडे चमकते. सांडलेले खनिज तेलही अतिनील किरणांत चमकते. चमक किती आहे, यावरून पदार्थ किती आहे ते कळते. ही चमक मोजताना शुद्ध पाण्याचा रामन परिणाम माप म्हणून वापरतात. जी छटा मळ म्हणून सोडून देता आली असती, तीच आज मोजपट्टी झाली आहे!

२८ फेब्रुवारी हा दिवस आपण 'राष्ट्रीय विज्ञान दिन' म्हणून साजरा करतो. त्या दिवशी तुम्हीही स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नका.