शाळेचा एक निष्ठावंत आश्रयदाता : वंदनीय पिएर तुसाँ

धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी आपल्या शाळेस तन-मन-धनाने साहाय्य करणाऱ्या सज्जनांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच होय. त्या स्मरणास जोड म्हणून दूरदेशीच्या एका थोर उपकारकर्त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा पुरुष राजा नव्हता की सावकार नव्हता. तो जन्माने गुलाम व धंद्याने केशभूषाकार होता.

पिएर तुसाँ यांचा जन्म १८व्या शतकात सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैती देशात, बेरार नामक कॅथलिक मळेवाल्याच्या घरी झाला. तेथे त्यांना लिहिण्यावाचण्यास शिकविण्यात आले. गुलामाच्या वाट्यास हे भाग्य क्वचितच येत असे. १७८७ साली मालकांनी त्यांना न्यूयॉर्क शहरी आणून एका केशभूषाकाराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवले. पुढे वसाहतीत बंड होऊन मालकांची संपत्ती बुडाली, ते स्वतःही वारले, व त्यांची पत्नी परक्या शहरात निराधार झाली. अशा समयी पळून न जाता तुसाँ यांनी आपल्या कमाईवर धनिणीचे घर चालविले, आणि तेही तिच्या मानास धक्का न लावता. १८०७ साली मृत्यूपूर्वी तिने त्यांस मुक्त केले. १८११ साली त्यांनी ज्युलिएट नोएल हिची मुक्तता पैसे मोजून मिळविली व तिच्याशी विवाह केला.

या दांपत्यास अपत्य नव्हते. तुसाँ यांनी आपल्या दिवंगत बहिणीची कन्या युफेमी हिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. तिचा अभ्यास पक्का व्हावा म्हणून ते तिच्याकडून दर आठवड्यास स्वतःच्या नावे एक पत्र फ्रेंचमध्ये व एक इंग्रजीत लिहून घेत. ती पत्रे आजही जतन केलेली आहेत. १८२९ साली ही बालिका क्षयरोगाने देवाघरी गेली. तिच्यावरील माया त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांवर ओतली.

रोज पहाटे सेंट पीटर्स चर्चमध्ये मिस्सा ऐकावी, मग श्रीमंत स्त्रियांच्या घरोघरी पायी जाऊन केशरचना करावी, आणि हात चालू असता अनाथ मुलांसाठी देणगी मागावी, असा त्यांचा नेम होता. १८१७ साली दयाभगिनींनी न्यूयॉर्कमध्ये अनाथालयाचे काम हाती घेतले, तेव्हापासून तुसाँ त्याचे आधारस्तंभ झाले. त्या अनाथालयात गोऱ्या मुलांसच प्रवेश होता, तरीही त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्याचबरोबर कॅनॉल स्ट्रीटवरील सेंट व्हिन्सेंट द पॉल चर्चच्या आश्रयाने कृष्णवर्णीय मुलांसाठी कॅथलिक शाळा उभी राहावी म्हणून त्यांनी द्रव्य जमविले. बाल्टिमोर येथे १८२९ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय धर्मभगिनींच्या संघास, ज्यांचे मुख्य कार्य शिक्षण हेच होते, या पतिपत्नींचे साहाय्य पोहोचत असे. म्हातारपणी मित्रांनी विश्रांती घेण्यास सुचविले असता, आपल्यापुरते पुष्कळ आहे, पण काम सोडल्यास इतरांस पुरणार नाही, असे त्यांनी सांगितले.

अशा पुरुषासही अपमान चुकला नाही. १८४२ साली सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये ते उपासनेस गेले असता वर्णामुळे त्यांची अवहेलना झाली. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी पुढे पत्र लिहून त्यांची क्षमा मागितली. तुसाँ यांनी मात्र ना चर्च सोडले, ना दान थांबविले. प्रभूचे घर माणसांच्या चुकीपेक्षा मोठे आहे, हे त्यांनी मुखाने नव्हे तर आचरणाने सांगितले.

३० जून १८५३ रोजी त्यांनी देह ठेवला. १९९० साली त्यांचे अवशेष फिफ्थ ॲव्हेन्यूवरील नव्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या तळघरात, महाधर्माध्यक्षांच्या पंक्तीस, हलविण्यात आले. त्या जागी समाधी लाभलेले ते पहिलेच प्रापंचिक होत. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस वंदनीय घोषित केले.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, शाळा एका मोठ्या देणगीने उभी राहत असेल. परंतु ती चालते ती नित्याच्या, न बोलता दिलेल्या दानावर. उरलेसुरले नव्हे, तर श्रमाचा वाटा देणारे, आणि मान मिळो वा न मिळो, हात मागे न घेणारे आश्रयदाते आपल्या धर्मग्रामातही होऊन गेले आणि आजही आहेत. कैलासवासी झालेल्यांस प्रभू चिरशांती देवो, हयात असलेल्यांस दीर्घायुष्य देवो, आणि त्यांच्या घामावर शिकलेल्या मुलांच्या अंतःकरणी कृतज्ञता जागृत ठेवो, हीच आमची प्रार्थना.