आपली फुटबॉल टीम आणि नेव्हिल डिसोझा



या स्मरणिकेत बहुतेकांनी आपल्या शिक्षकांवर, सहलींवर, गॅदरिंगवर लिहिलं असणार. मी लिहितोय एका अशा माणसाबद्दल, जो आपल्या घाटकोपरच्या शाळेत कधीच आला नव्हता. पण शाळेच्या फुटबॉल टीममधल्या आम्हा अकरा जणांना त्याची कारकीर्द पाढ्यांसारखी पाठ होती. नेव्हिल डिसोझा.

शाळेची फुटबॉल टीम होती हेच पुष्कळांना आठवत नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. मैदान क्रिकेटवाल्यांचं होतं. पावसाने खेळपट्टी गेली की मगच आम्हाला मिळायचं. दोन चेंडू होते, त्यातल्या एकाची हवा अर्ध्या खेळात जायची. चौघांकडे बूट होते, बाकीचे अनवाणी. मी लेफ्ट बॅक होतो, अनवाणी.

नववीत असताना आंतरशालेय सामन्यासाठी आझाद मैदानावर गेलो आणि पाच-शून्य हरलो. समोरच्या शाळेच्या मुलांनी एकसारखे मोजे घातले होते, ते मला गोलांपेक्षा जास्त लागलं. परतताना व्ही.टी.हून लोकलमध्ये कोणी बोलेना. तेव्हा आपल्या पी.टी.च्या सरांनी, भायखळा ते घाटकोपर, नेव्हिल डिसोझांची गोष्ट सांगितली. सरांनी त्यांना कूपरेजवर खेळताना पाहिलं होतं.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा, गोव्यात बार्देशमधल्या आसगावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. पण फुटबॉलपटू म्हणून त्यांचं नाव झालं ते मुंबईत. त्या काळी इथला फुटबॉल कंपन्यांच्या टीमवर चालायचा. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव आणि पावसाळ्यात चिखलात लीगचे सामने. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि कॅलटेक्सकडून खेळले. त्यांचे भाऊ डेरिक हेही नामांकित खेळाडू. नेव्हिल सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणं हेच त्यांचं काम.

फुटबॉल म्हटलं की देशाचे डोळे कलकत्त्याकडे वळायचे, त्याखालोखाल हैदराबादकडे. मुंबईचा नंबर त्यानंतर. तरीही १९५४ मध्ये मुंबईने पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, आणि १९५८ मध्ये १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कप कॅलटेक्सने इथेच ठेवून घेतला. या दोन्ही वर्षांच्या मध्ये आलं १९५६ चं मेलबर्न ऑलिंपिक.

त्याच्या चार वर्षं आधी, हेलसिंकीला, युगोस्लाव्हियाने भारताला दहा-एक असं हरवलं होतं. त्या वेळी आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. सरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

मेलबर्नला कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि कप्तान समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांचा गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, त्यांचा तिसरा गोल, आणि या वेळी ऑस्ट्रेलियाला उत्तर देता आलं नाही. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून सामना चार-दोन असा संपवला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू. भारतीयांमध्ये आजवर दुसरं कोणी ते केलेलं नाही.

उपांत्य सामना परत त्याच युगोस्लाव्हियाशी होता. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि दहा गोल करणाऱ्या संघावर भारत आघाडीवर होता. ही आघाडी दोन-तीन मिनिटंच टिकली. भारत चार-एक असा हरला. तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरियाने तीन-शून्य असं हरवलं आणि पदक हुकलं. तरी ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताचा चौथा क्रमांक हा आजपर्यंतचा सर्वोत्तम. नेव्हिल यांचे एकूण चार गोल झाले, स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीने.

सरांचं म्हणणं एवढंच होतं की दहा-एक आणि चार-एक या दोन्ही हारच असल्या, तरी त्या सारख्या नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही त्याच शाळेकडून दोन-एक असे हरलो. शाळेच्या हजेरीबुकाबाहेर याची कुठे नोंद नाही. पण त्या दिवशी लोकलमध्ये आम्ही विक्रोळीवाल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात गात आलो.

१९८० च्या मार्चमध्ये आपली बॅच दहावीच्या परीक्षेत गुंतली होती. त्याच महिन्यात नेव्हिल डिसोझा गेले. वय अवघं सत्तेचाळीस. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. मला हे कळलं निकालानंतर, दाखला घ्यायला शाळेत गेलो तेव्हा. सरांनी सांगितलं आणि चेंडूंच्या कपाटाला कुलूप लावत राहिले.

नंतर कंपन्यांच्या टीमही एकेक करून बंद झाल्या. रोव्हर्स कपही थांबला. मध्यंतरी नातवाला घेऊन वांद्रे रेक्लमेशनला गेलो होतो. तिथल्या फुटबॉल टर्फला नेव्हिल डिसोझांचं नाव आहे. नातवाने पाटी वाचून हे कोण म्हणून विचारलं. आजूबाजूची मुलंही खेळ थांबवून ऐकू लागली, तेव्हा मी भायखळा ते घाटकोपर सगळं सांगितलं.

शाळेच्या हॉलमधल्या फलकावर गुणवत्ता यादीतली मुलं आहेत, क्रिकेटचे कप्तान आहेत. फुटबॉलची ओळ नाही. सर आता नाहीत, म्हणून हे आपणच करायला हवं. आमच्या टीमचा एक फोटो माझ्याकडे आहे, पिवळा पडलेला. तो मी संमेलनाला आणतो आहे. मागच्या रांगेतल्या दोघांची नावं मला आठवत नाहीत. ज्यांना आठवतील त्यांनी कृपया येऊन सांगावीत, म्हणजे अकराच्या अकरा नावांनिशी तो हॉलमध्ये लावता येईल.