डॉ. भाऊ दाजी लाड आणि महारोग



जानेवारीचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राऊल फोलेरो या फ्रेंच कॅथलिक लेखकाने १९५४ साली ही प्रथा सुरू केली. आपल्या देशात हा दिवस महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, म्हणजे ३० जानेवारीला पाळतात. कुष्ठरोग म्हटला की आपल्याला मोलोकाई बेटावरचे संत डेमियन आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण याच रोगावर औषध शोधण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घालणारा एक डॉक्टर आपल्या मुंबईतही होऊन गेला. प्रभादेवीहून भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलात तर तिथल्या जुन्या वस्तुसंग्रहालयावर त्यांचे नाव दिसते. माटुंग्याला त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आपण वाचतो, पण तो माणूस कोण होता हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा, गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचा. घरची परिस्थिती बेताची. वडील मातीच्या बाहुल्या करून विकत असत. मुलगा बुद्धिबळात फार हुशार होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना, या मुलाला इंग्रजी शिकवा, असा सल्ला दिला, असे सांगतात. कुटुंब मुंबईला आले आणि भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात शिकू लागला. पुढे तो तिथेच शिक्षक झाला. तरुण वयातच त्याने कच्छ-काठेवाडमध्ये नवजात मुलींना मारून टाकण्याच्या चालीवर निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. समाज ज्याच्याविषयी गप्प राहतो त्याविषयी बोलायचे, हा त्यांचा स्वभाव इथूनच दिसतो.

१८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. चांगली शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ दाजी त्याच्या पहिल्या तुकडीत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. या तुकडीत प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग होते, तसेच पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेले गोव्याचे कॅथलिक डॉक्टर जुझे कामिलो लिस्बोआ हेही होते. हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती मुले एकाच टेबलाशी उभी राहून शरीरशास्त्र शिकत होती. त्या काळच्या मुंबईत ही साधी गोष्ट नव्हती.

१८५१ साली भाऊ दाजींनी मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. भाऊंकडे धनवान रोग्यांची रीघ लागली, तरी गरिबांना ते फुकट औषध देत. इंग्रजी वैद्यक शिकले म्हणून त्यांनी आपल्याकडचे जुने ज्ञान टाकून दिले नाही. संस्कृतातले वैद्यकग्रंथ ते मुळातून वाचत. पण ग्रंथात लिहिले आहे म्हणून औषध खरे, असेही त्यांनी मानले नाही. ज्या वनस्पतींचे गुण ग्रंथांत गायिले होते त्या मिळवायच्या, रोग्यावर काळजीपूर्वक वापरायच्या आणि काय होते ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. जुन्याचा आदर आणि जुन्याची परीक्षा या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

याच वाटेने ते महारोगाकडे वळले. तेव्हा कुष्ठरोगाला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. कातडीवर चट्टे येत, बोटे झडत, नाक बसे. रोगी घरातून बाहेर पडे आणि रस्त्याच्या कडेला भीक मागे. हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग आहे असे पुष्कळ लोक समजत. आपण ख्रिस्ती लोकांनीही बढाई मारण्याचे कारण नाही. युरोपात शतकानुशतके महारोग्यांना गावाबाहेरच ठेवले जात होते, आणि रोगात देवाची शिक्षा पाहणारे आपल्यातही कमी नव्हते. शिकलेले डॉक्टरही गोंधळलेले होते. १८६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने हा रोग संसर्गाने होत नाही असे मत दिले. अनेकांना तो वंशपरंपरेने येतो असे वाटे.

हा कोणाच्या पापाचा भोग, असे विचारले की उत्तर मिळाल्यासारखे वाटते, पण रोग्याच्या हाती काही पडत नाही. हा रोग कशाने होतो आणि कशाने बरा होईल, असे विचारले की निदान काम तरी सुरू होते. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलेला पापाचा प्रश्न प्रभू येशूनेही बाजूला सारला होता आणि त्या माणसाला बरे केले होते. भाऊ दाजी ख्रिस्ती नव्हते. पण महारोग्याकडे पाहून त्यांनीही दुसराच प्रश्न विचारला.

१८६० नंतरच्या दशकात त्यांनी महारोग्यांवर एका वनस्पतीच्या तेलाचा उपचार सुरू केला. कित्येकांचे चट्टे कमी झाले आणि त्यांच्या नावाचा बोलबाला झाला. औषध कसे करतात हे मात्र त्यांनी जाहीर केले नाही, आणि ते अनेकांना खटकले. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. महारोग फार हळू चालतो. मधूनच तो मागे हटल्यासारखा दिसतो आणि वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. अशा रोगावर घाईने दावा करणे म्हणजे हजारो दुःखी माणसांना खोटी आशा दाखवणे. तरीही औषध गुप्त राहिले की दुसऱ्या डॉक्टरांना त्याची परीक्षा करता येत नाही, आणि ज्याला त्याची गरज आहे तो दारापर्यंत पोहोचला नाही तर तसाच राहतो. मे १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले. वय अवघे बावन्नच्या आसपास. औषधाची कृती स्वतः जगापुढे ठेवायची राहूनच गेली.

पुढे त्यांचे औषध म्हणजे मुख्यतः कडू कवठाच्या बियांचे तेल होते, असे जाणकारांनी लिहून ठेवले. कडू कवठ म्हणजे कोकण-गोव्याच्या आणि सह्याद्रीच्या रानात होणारे झाड. फळ कवठासारखे गोल आणि टणक, तेल कडू आणि पोट ढवळून काढणारे. पूर्वेकडच्या चौलमुग्रा तेलाशी त्याचे सख्खे नाते. कलकत्त्याच्या डॉ. मुआट यांनी १८५४ साली चौलमुग्राची माहिती इंग्रज डॉक्टरांना दिली होती. भाऊ दाजींना त्याच कुळातले झाड आपल्या मातीत सापडले. विसाव्या शतकात या तेलाची इंजेक्शने जगभर दिली जाऊ लागली. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ स्त्रीने चौलमुग्रा तेलाचे इंजेक्शनने देता येईल असे रूप तयार केले. संत डेमियन याच हवाईतल्या मोलोकाईवर १८७३ साली गेले होते आणि १८८९ साली तिथेच महारोगाने वारले. त्यांच्या हाती सेवेशिवाय फारसे काही नव्हते.

१८७३ साली आणखी एक गोष्ट घडली. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांना या रोगाचे जंतू दिसले. त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. व्हॅनडाइक कार्टर नॉर्वेला जाऊन आले होते. म्हणजे भाऊ दाजी शेवटच्या आजारपणाकडे जात असताना रोगाचे खरे कारण जगाला कळू लागले होते.

भाऊ दाजींचे बाकीचे कामही थोडे नाही. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, जुनी नाणी जमवली, कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी ते एक होते. १८६९ आणि १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७२ साली लोकांसाठी उघडलेल्या भायखळ्याच्या संग्रहालयासाठी त्यांनी खूप खटपट केली, म्हणूनच १९७५ साली त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

कडू कवठाच्या तेलाने महारोग पुरता हटला नाही. तो मान १९४० नंतर आलेल्या सल्फोन औषधांचा, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराचा. आज सहा महिने ते एक वर्ष गोळ्या घेतल्या की कुष्ठरोग बरा होतो आणि या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार सुरू झाले की संसर्गाची भीतीही लवकरच संपते. लाज मात्र गोळ्यांनी जात नाही. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यांतून २०१९ साली काढली गेली. औषध मिळाल्यावरही कायद्याला इतकी वर्षे लागली, मग मनाला किती लागत असतील?

म्हणून एक विनंती. आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, आणि तिथे खाज येत नसेल, स्पर्श किंवा टोचलेले कळत नसेल, तर तो झाकून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर नसा कायमच्या दुखावतात आणि मग बोटे वाचत नाहीत. शेजारी कोणी उपचार घेत असेल तर त्याच्या घरी चहाला जा. दीडशे वर्षांपूर्वी, औषधाची खात्री नसतानाही, एक नामवंत डॉक्टर या रोग्यांना हात लावून तपासत होता. आज खात्रीचे औषध असताना आपण तर मागे राहू नये.