तेविसाव्या वर्षी मॅट्रिक : महर्षी कर्वे यांचे विद्यार्थिजीवन

दहावीचा निकाल लागला की मिरजोळ्यासारख्या गावात काही घरांतून पेढे वाटले जातात आणि काही घरांची दारे दिवसभर लोटलेली राहतात. औद्योगिक वसाहत गावाला लागूनच असल्याने, मागे पडलेल्या मुलाला कुठेतरी कामाला चिकटवून द्यावे असा मोहही लवकर होतो. अशा घरांतील आईवडिलांसाठी, आणि दाराआड बसलेल्या त्या मुलामुलींसाठीही, आपल्याच जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याची हकिकत आम्ही येथे देत आहोत. महर्षी धोंडो केशव कर्वे सर्वांना ठाऊक आहेत. शिक्षणात वर्षानुवर्षे रखडलेला धोंडो मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला आणि बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. एके काळी सुखवस्तू असलेले हे घराणे तोपर्यंत खालावले होते. वडील तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत. मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने कमालीचा भिडस्त होता. मुरूडच्या शाळेतील सोमण गुरुजींनी या मुलाला हाताशी धरले. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम त्यांनी त्याच्यावर सोपविले. चार लोकांत तोंड न उघडणाऱ्या मुलाला बोलते करण्याचा याहून चांगला उपाय आम्हाला तरी सुचत नाही.

त्या काळी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यास शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळे. मात्र वयाची 17 वर्षे पूर्ण असावी लागत. 1875 साली कर्वे सोबत्यांसह या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी निघाले. अंतर सुमारे 110 मैल, दिवस पावसाचे आणि वाट सह्याद्रीची. कसेबसे वेळेत पोहोचले, तर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहून ते 17 वर्षांचे दिसत नाहीत असा निर्णय दिला आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. वय खरोखरच पुरे होते. देहयष्टीने घात केला. तितकीच वाट तुडवीत रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या त्या मुलाच्या मनाची अवस्था वाचकांनीच कल्पावी. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

आता नोकरी धरता आली असती. लग्न तर आधीच झालेले होते. तरीही त्यांनी इंग्रजी शिक्षणाची वाट धरली. रत्नागिरीच्या शाळेत ते दाखल झाले, पण आजारपणामुळे त्यांना गावी परतावे लागले. त्यानंतर त्यांनी मुंबई गाठली आणि चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनच्या रॉबर्ट मनी शाळेत नाव घातले. स्वतःहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बसून, शिकवण्या करून पोट भरीत, 1881 साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा ते 23 वर्षांचे होते. आज एक वर्ष वाया गेले म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या पालकांनी हा आकडा एकदा मुलांना अवश्य सांगावा. 1884 साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि 1891 पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

ज्या गावात आपल्याला इंग्रजी शिकता आले नाही, त्या गावाला ते विसरले नाहीत. मिळकतीतून थोडे थोडे बाजूला काढून त्यांनी मुरूड फंड उभारला आणि त्यातून तेथे इंग्रजी शाळा सुरू झाली. पण 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले.

ती विधवा म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. बालपणीच त्यांना वैधव्य आले होते आणि अक्षरओळखही तारुण्यापर्यंत घडली नव्हती. ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. त्या वेळी त्यांची विशी उलटलेली होती. म्हणजे या संसारात पतिपत्नी दोघेही उशिरा शिकलेले! कर्व्यांनी पुढे जे काम हाती घेतले, त्याचे मूळ आम्हाला येथे दिसते.

1896 साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे तो हिंगण्याला गेला, आणि शहरातून तेथवरची पायपीट कर्वे वर्षानुवर्षे करीत राहिले. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. पहिल्या तुकडीत मोजून 5 विद्यार्थिनी होत्या.