डॉक्टर रिचर्ड ब्राइट

इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं २८ सप्टेंबर १७८९ रोजीं रिचर्ड ब्राइट यांचा जन्म झाला. १८१० सालीं ते आइसलंड बेट पाहून आले, १८१३ सालीं एडिंबरो येथें वैद्यकाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि १८१८ सालीं हंगेरीच्या प्रवासावर स्वतः काढलेल्या चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकलेच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें; बारकाईनें पाहण्याची हीच संवय त्यांस पुढें उपयोगीं पडली.

लंडनच्या गायज् हॉस्पिटलांत ते काम करूं लागले, तेव्हां सर्वांग सुजलेले रोगी तेथें पुष्कळ येत. सूज हाच मूळ रोग, अशी बहुतेकांची समजूत होती. ब्राइट अशा रोग्याचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापवीत. तों तें अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें गोठे. ही परीक्षा पूर्वींही कित्येकांस ठाऊक होती. परंतु रोगी दगावल्यावर ब्राइट यांनीं शवविच्छेदन करून पाहिलें, तों मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळलीं. ही सांगड १८२७ सालच्या ग्रंथांत त्यांनीं जगापुढें मांडली.

त्यांचे सहकारी रसायनज्ञ जॉन बॉस्टॉक यांस आणखी एक गोष्ट दिसली. या रोग्यांचें मूत्र वजनास हलकें असून त्यांत युरिया कमी होता, आणि रक्तांत मात्र तो सांचला होता. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १००० धरल्यास, रात्रभर पाणी न पितां सकाळीं होणारें निरोगी मूत्र बहुधा १०२० किंवा अधिक भरतें. पुष्कळ पाणी प्यालें तर तें हलकें होतें, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु मूत्रपिंडें फारच क्षीण झालीं, म्हणजे पाणी प्या वा न प्या, आंकडा १०१० च्या आसपासच अडून राहतो. पातळ मूत्र म्हणजे शरीर निर्मळ, असें समजणाऱ्या पालकांनीं याचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

१८४२ सालीं हॉस्पिटलनें याच रोगासाठीं ४२ खाटा व एक प्रयोगशाळा ब्राइट यांच्या स्वाधीन केली. रोग ओळखतां येऊं लागला. बरा करणें मात्र त्यांच्या हातीं नव्हतें, आणि ओळखीचे रोगी डोळ्यांदेखत जात. १६ डिसेंबर १८५८ रोजीं हृदयाच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें. मूत्रपिंडाचें काम यंत्राकडून करवून घेऊन रोगी वांचविण्यास त्यानंतर १९४५ साल उजाडावें लागलें.