सालारजंग आणि जिल्ह्यांची घडी

हैदराबादला पाहुणे आले की आपण त्यांना सालारजंग म्युझियम दाखवतो. तिथल्या बहुतेक वस्तू जमवल्या त्या तिसऱ्या सालारजंगांनी, म्हणजे नातवाने. आजोबांचं काम कपाटात मांडता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी जिल्हे बसवले.

मीर तुराब अली खान यांचा जन्म १८२९ चा. घराणं दिवाणांचं. विशीच्या आतच त्यांना खम्मम भागाचा तालुकदार नेमलं होतं, त्यामुळे राज्य गावात कसं पोचतं ते त्यांनी कागदावर नाही, जागेवर पाहिलं. १८५३ मध्ये काका सिराज-उल-मुल्क वारले आणि चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी यांच्या गळ्यात पडली. ‘पडली’च म्हणायचं, कारण काही दिवसांपूर्वीच कंपनी सरकारने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडचा मुलूख ताब्यात घेतला होता. तिजोरी रिकामी. पगार थकलेले.

पण खरा रोग वेगळाच होता. तेव्हाचा तालुकदार म्हणजे मक्तेदार. साहुकाराकडून कर्ज काढून तो सरकारात रक्कम भरायचा आणि मग रयतेकडून ती वसूल करायचा, अर्थात भरल्यापेक्षा जास्तच. काही मुलूख तर अरब आणि रोहिले सरदारांकडे कर्जापोटी गहाण होते. नकाशावर राज्य निजामाचं, पण शेतकऱ्याच्या दारात उभा राहणारा माणूस साहुकाराचा किंवा सरदाराचा. असल्या राज्याला राज्य तरी कसं म्हणायचं?

सालारजंगांनी आधी गहाण पडलेले मुलूख एकेक करून सोडवले. मक्तेदारी मोडत आणली आणि पगारी तालुकदार नेमायला सुरुवात केली. यात बारा वर्षं गेली, मधे १८५७ आलं. त्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला, आणि दिवाण इंग्रजांच्या बाजूने राहिले. याबद्दल त्यांना आजही शिव्या बसतात. मला त्या अगदीच चुकीच्या वाटत नाहीत. १८५९ मध्ये दरबारातच त्यांच्यावर हल्ला झाला, त्यातून ते वाचले. बक्षीस म्हणून १८६० मध्ये रायचूर आणि नळदुर्ग परत मिळाले, वऱ्हाड मात्र नाही.

१८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली. राज्याचे विभाग, विभागात जिल्हे, जिल्ह्यात तालुके. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा कलेक्टर. त्याच्या हाताखाली दुय्यम आणि तिसरा तालुकदार, आणि तालुक्याला तहसीलदार. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड ही नावं सरकारी कागदांत जिल्हे म्हणून रुळली ती याच घडीत. पोलीस, न्याय, महसूल यांची खाती वेगळी काढून त्यांवर सदर-उल-महाम नेमले. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी आणि सारा ठरवण्याचं काम सुरू झालं. देशमुख-देशपांड्यांच्या हातातून वसुली काढून घेतली. बदल्यात त्यांना रोख रुसूम मिळू लागला. सत्ता गेली, मान राहिला. हा सौदा फार हुशारीचा होता असं मला वाटतं, कारण त्यांना नुसतं हाकललं असतं तर गावोगाव भांडणं लागली असती.

आता याला विकेंद्रीकरण म्हणायचं का? आमच्या मंडळाच्या चर्चेत यावर बराच वाद होऊ शकेल! अधिकारी जिल्ह्यात बसला खरा, पण त्याला नेमणारं आणि जाब विचारणारं हैदराबादच. रयतेला त्यात विचारलं कोणी? शिवाय जहागिरी, पायगा आणि सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता, हा प्रचंड मुलूख या घडीच्या बाहेरच राहिला. कारभाराची भाषा फारसी; बीडच्या कुणब्याला स्वतःच्या जमिनीचा हुकूमही कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागे. आणि नव्या कचेऱ्यांना शिकलेली माणसं हवीत म्हणून उत्तर हिंदुस्थानातून अधिकारी आणले, त्यातून मुल्की आणि गैरमुल्की हे भांडण वाढलं. ते या शहरात पुढे शंभर वर्षं मिटलं नाही.

पण एक फरक मोठा होता. मक्तेदाराची बदली करता येत नव्हती, तालुकदाराची करता येत होती.

१८६९ मध्ये निजाम अफजल-उद-दौला वारले. गादीवर जेमतेम अडीच वर्षांचे महबूब अली खान. राज्य चालवायचं सालारजंग आणि अमीर-ए-कबीर यांनी. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादला रेल्वे आली. १८७६ मध्ये ते विलायतेला गेले. वाटेत पॅरिसमध्ये पडून पाय जायबंदी झाला, इंग्लंडात ऑक्सफर्डने पदवी दिली, मेजवान्या झाल्या. ज्यासाठी गेले होते ते वऱ्हाड काही मिळालं नाही. म्युझियममधली बुरख्यातली रिबेका तेवढी त्या प्रवासातली खरेदी.

फेब्रुवारी १८८३ मध्ये कॉलरा झाला आणि ते गेले, वय चोपन्न. वर्षभराने तरुण निजामाच्या हाती कारभार आला आणि त्यांनी दिवाण नेमला तो सालारजंगांचाच मुलगा, मीर लायक अली.